सातजणींचा बटवा

सहा वर्षं मी कंपनीच्या महिला संघातून कबड्डी खेळले, असं माझ्या अर्जावर लिहिलेलं असतं. ते वाचून समोरचा माणूस मान डोलावतो. खरं लिहायचं तर मी सहा वर्षं बसले. मैदानाच्या कडेला अंथरलेल्या बारदानावर, ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसले. सामन्यातली शेवटची चार-पाच मिनिटं उरली की मला उठवायचे. कधी तेवढंही नाही.

कंपनी पनवेलच्या बाहेर, तळोज्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायच्या खात्यात मला घेतलं ते कबड्डीमुळेच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. खाडीपलीकडे न्हावा शेव्याचं बंदर सुरू होत होतं आणि आमच्या कोळीवाड्यात दुसरा विषयच नव्हता. कोणाचा मुलगा कुठे चिकटला? चिकटला म्हणजे परमनंट झाला. मुलगीसुद्धा चिकटू शकते हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. म्हणूनच मी ठरवलं होतं की आपण चिकटायचं.

आमचे वेल्फेअर ऑफिसर हेच आमचे प्रशिक्षक. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. एकेकाळी ते स्वतः चांगले खेळलेले, गुडघा गेल्यावर गळ्यात शिट्टी अडकवलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला रांगेत उभं करून कंपनीचा नियम सांगितला. जी पहिल्या सातात खेळते ती परमनंट. राखीव ती हंगामी. हंगामीला दर सहा महिन्यांनी नवा कागद मिळायचा आणि तो मिळेपर्यंत नोकरी आहे की गेली ते कळायचं नाही. संघात आम्ही आठजणी होतो. नियमाप्रमाणे बाराजणी नेता येतात, पण कंपनीची जीप आठजणींची होती. म्हणजे सात परमनंट आणि एक हंगामी. ती एक मी.

मी राखीव का, तर माझा दम पाच मिनिटांचा, असं साहेबांचं मत. निवड चाचणीच्या पंधरा दिवस आधी मी टायफॉइडमधून उठले होते. उत्तरार्धात मला धाप लागली, मी कमरेवर हात ठेवून वाकले, आणि साहेबांनी ते पाहिलं. बस. पुढे मी खाडीच्या बांधावरून रोज पहाटे पळाले, गावच्या स्पर्धेत अख्खे सामने खेळले, एकदा तर पाठोपाठ दोन खेळले. साहेबांच्या डोळ्यांसमोरून ती वाकलेली मुलगी काही हलली नाही. "पाच मिनिटं तुझ्यासारखी कोणी नाही," ते म्हणायचे, आणि बाकीच्यांना वाटायचं माझं कौतुक चाललंय. मला त्या कौतुकाची शिसारी यायची. एखाद्या बाईला 'तुझी चटणी छान होते' म्हणत जन्मभर स्वयंपाकघरात शिरूच द्यायचं नाही, तसला प्रकार.

मात्र त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं हे कबूल करायला हवं, नाहीतर मी खोटी ठरेन. पंचवीस मिनिटं बसून माणूस आंधळा राहत नाही. समोरच्या संघातली कोण पकड करायच्या आधी कप्तानाकडे बघते, कोणाचा डावा पाय उशिरा उचलला जातो, कोणाचा दम संपून ती नुसता आवेश आणतेय, हे मला बारदानावरून दिसायचं. त्या सगळ्या घामाघूम झालेल्या, पाय जड झालेले, आणि मी कोरडी ठणठणीत. मध्यरेषा ओलांडून 'कबड्डी कबड्डी' म्हणत शिरले की मला काय करायचं ते पंचवीस मिनिटं आधीच ठरलेलं असायचं. एक हूल, एक लाथ, परत. अशा किती सामन्यांत मी शेवटी दोन-तीन गुण आणून दिले असतील. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर नाव कप्तानाचं. ती होतीच तशी खेळाडू, तिच्यावर राग नाही. राग बोर्डावर.

आता बटव्याचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलं.

कबड्डीत अंगावर दागिना चालत नाही. सामन्याआधी पंच नखं बघतात, कान बघतात, गळा बघतात. आमच्यातल्या चौघी लग्न झालेल्या. सासरहून मोकळ्या गळ्याने निघणं शक्य नव्हतं. सुना हाफपँट घालून खेळतात हेच सासूने कसंबसं गिळलेलं असायचं, वर मंगळसूत्रही काढून ठेवायचं म्हटलं असतं तर खेळ तिथेच संपला असता. म्हणून सगळ्याजणी दागिने घालून यायच्या आणि मैदानाशी आल्यावर काढायच्या. चार मंगळसूत्रं, कानातली, चमक्या, एकीचे पैंजण, दुसरीच्या बोटातून साबण लावून निघणारी अंगठी. आणि हे सगळं ठेवायचं कोणाकडे? जी बसलेली आहे तिच्याकडे. आईने मला जुन्या लुगड्याच्या काठाचा एक बटवा शिवून दिला होता, ओढायच्या नाडीचा. तो गळ्यात अडकवून मी बसायचे.

हा बटवा बघून आई भडकायची. ती पनवेलच्या मासळी बाजारात बसायची, आणि एकदा टोपली अर्ध्यात सोडून माझा सामना बघायला आली. मी अख्खा सामना बसलेली. परतताना म्हणाली, "सगल्या बायांचा सोना तुज्या गल्यान, नं तू बसलेली. खेलाया जातंस का राखन कराया?" मी म्हटलं, शेवटी उतरवतात ना. ती म्हणाली, "मंग मना शेवटीच बोलवाचा. माजी कोलबी सुकली." त्यानंतर ती आली नाही.

बटवा द्यायचा-घ्यायचा एक ठरलेला रिवाज होता. मी मैदानात जायला उठले की जी बाहेर येईल तिच्या गळ्यात बटवा घालायचा आणि तिची जागा आपण घ्यायची. जाणारी आणि येणारी, दोघी कडेच्या रेषेवर क्षणभर थांबायच्या. लोकांना वाटायचं आम्ही एकमेकींना काही कानमंत्र देतोय. कानमंत्र कसला, नाडी वेणीत अडकायची.

साहेब बटव्याला हात लावत नसत. एकदा पहिल्याच वर्षी मी त्यांच्याकडे धरायला दिला तर दोन पावलं मागे सरकले. "दुसऱ्याच्या बायकोचं सौभाग्य मी हातात घेत नाही. आमच्यात चालत नाही." सगळ्याजणींना ते फार सज्जनपणाचं वाटलं. मलाही वाटलं. त्याच साहेबांना आमच्या दंडाला धरून मैदानाबाहेर ओढलेलं चालायचं, पाणी प्यायला दोन मिनिटं जास्त घेतली म्हणून चारचौघांत आयमाय काढलेली चालायची. पण हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी बटवा परत गळ्यात घालून बारदानावर जाऊन बसले.

सहाव्या वर्षी कोपऱ्यात खेळणारी एकजण बाळंतपणासाठी नोकरी सोडणार असं कळलं. पहिल्या सातात जागा होणार. नवी मुलगी घ्यायची की मला आत घ्यायचं, हे उरणच्या स्पर्धेनंतर ठरवू, असं साहेब म्हणाले. माझ्या एकटीला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "अंतिम सामना आला तर कंपनीचे मोठे साहेब स्वतः बघायला येतायत. तू त्यांच्या डोळ्यांत भर. पुढचं मी बघतो." सहा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बसून बोलले. घरी येऊन मी आईला सांगितलं नाही. सांगितलं की नाट लागते, असं मी त्या दिवसापासून मानायला लागले.

अंतिम सामना दुपारी चारला होता. मिठागराच्या कडेला मैदान केलं होतं, माती चांगली मऊ, पाणी मारून बसवलेली. एका बाजूला टेबलावर करंडक, त्यामागे पाहुण्यांच्या खुर्च्या. मोठे साहेब आले होते. वाटेत बंदराच्या ट्रेलरांमुळे उशीर झाला म्हणून मध्यंतराला आले, पण आले. मला बरंच वाटलं. माझा खेळ तसाही मध्यंतरानंतरचाच.

समोरचा संघ मुंबईचा. चिवट. शेवटची साडेचार मिनिटं राहिली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट वर केलं. मी चेन उघडली. बाळंतपणासाठी सोडणाऱ्या त्या मुलीला बाहेर काढायचं होतं, तिला तिसरा महिना लागलेला. ती जायला वळली, आणि तेवढ्यात दुसऱ्या कोपऱ्यातल्या मुलीने समोरच्या चढाईवालीच्या पायात झेप घेतली. पकड झाली, पण हिचा घोटा मुरगळला. ती उठेचना. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या दोघा माणसांनी तिला उचलून सरळ तंबूत नेलं. मग पहिलीला आत ठेवणं भाग पडलं आणि मी जिची जागा घेणार ती तंबूत, रडत.

बटवा माझ्या गळ्यात.

आमच्यातल्या बाद झालेल्या दोघी मैदानाच्या त्या टोकाला बसलेल्या, त्या कधीही परत आत येतील अशा. त्यांच्याकडे देऊन उपयोग नव्हता. मी बटवा काढून साहेबांपुढे धरला. "साहेब, एवढा धरा." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मी अजून ते हात विसरले नाही. हात तसेच ठेवून ते माझ्याकडे न बघता मैदानाकडे बघत म्हणाले, "लवकर कर, लवकर कर. पंच थांबायचा नाही." पंचाने शिट्टी फुंकली. चढाई आमची होती आणि माझीच होती.

आता कोणीही म्हणेल, बारदानावर ठेवायचा. ठेवून जायचं. चार मिनिटांत कोण पळवतंय? मलाही ते दिसत होतं. बारदान तिथे होतं, मी पंचवीस मिनिटं त्यावर बसले होते. पण मी ज्यावर पाय पसरून बसले होते त्या बारदानावर चार सवाष्णींची मंगळसूत्रं ठेवायची? माझा हातच खाली जाईना. मी बटव्याची नाडी ओढून घट्ट केली, बटवा हाफपँटच्या इलॅस्टिकमध्ये पोटाशी खुपसला, वरून जर्सी ओढली आणि धावत गेले. मी आत येताना पंचाने माझी नखं बघितली, कान बघितले, गळा बघितला. पोट कोण बघतं?

ती चढाई माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. हे मी सांगते म्हणून नाही, त्या मुंबईच्या मुलींनी नंतर स्वतः येऊन सांगितलं. डाव्या कोपऱ्यातली मुलगी झेप घ्यायच्या आधी जीभ चावते हे मी बघून ठेवलं होतं. तिने जीभ चावली, मी पाय काढला, ती तोंडावर आपटली. तिच्या पाठीला हात लावला, वळले, मधल्या मुलीच्या खांद्याला दुसरा हात. मग तिसरीने मला कमरेला धरलं. मी रेषेकडे झेपावले. हाताची चार बोटं मध्यरेषेच्या पलीकडे टेकली. दम तुटला नव्हता, मी 'कबड्डी' म्हणतच होते. दोन नाही, तीन गुण. लोक उभे राहिले.

आणि कमरेला धरणाऱ्या त्या मुलीच्या हातात माझ्या जर्सीबरोबर बटव्याची नाडी आली होती.

बटवा त्यांच्या मैदानात फुटला. वाट्या, मणी, चमक्या, पैंजण, सगळं ओल्या लाल मातीत. एक मंगळसूत्र ओढलं जाऊन वाढलं, त्याचे काळे मणी जिकडेतिकडे. पंचाने शिट्टी मारली ती थांबेचना. दागिन्यासह मैदानात प्रवेश. चढाई रद्द, तिन्ही गुण गेले, वर एक तांत्रिक गुण त्यांना. साहेब टेबलाशी जाऊन भांडले, पण पंच बरोबर होता. मला वाटतं तेही त्यांना माहीत होतं.

मग जे झालं ते सामन्यापेक्षा जास्त वेळ चाललं. दोन्ही संघांच्या मुली गुडघ्यांवर बसून मणी वेचत होत्या. मुंबईच्या मुलीसुद्धा. स्पीकरवरचा माणूस सुरू झाला. "प्रेक्षकांना विनंती, कोणाला सोनं सापडल्यास मंडळाच्या टेबलावर जमा करावं. आमच्या स्पर्धेत आजपर्यंत करंडक मिळत होते, यंदा मातीतून सोनं निघतंय." लोक पोट धरून हसले. मी मध्यरेषेवर तशीच पालथी पडले होते. कोणी मला उठवलं नाही, सगळ्या खाली बघत होत्या.

उरलेल्या मिनिटांत आणखी एक गुण गेला. हरलो. मोठे साहेब बक्षीस समारंभाला थांबले नाहीत.

वाढलेलं मंगळसूत्र कप्तानाचं होतं. दोन्ही वाट्या सापडल्या, मणी निम्मे सापडले. परतीच्या जीपमध्ये तिने ते बुटाच्या नाडीच्या एका धाग्यात ओवून गळ्यात बांधलं. पळस्प्याच्या आसपास ती माझ्याकडे वळून म्हणाली, "जमिनीवर ठेवायचंस ना गं."

मी चिडले. "तुझं मंगळसूत्र मी मातीत ठेवलं असतं तर तूच माझा जीव घेतला असतास."

"घेतला असता," ती म्हणाली. "पण तू परमनंट तरी झाली असतीस."

पुढच्या सीटवर साहेब बसले होते. त्यांनी ऐकलं असणार. ते बाहेर बघत राहिले. मला तेव्हा फार बोलायचं होतं. हात तुमचे मागे गेले, साहेब, माझे नाही. पण जीपमध्ये सातजणी परमनंट होत्या आणि मी हंगामी, आणि हंगामी बाई साहेबांना काय बोलणार? सहा महिन्यांचा कागद संपला तेव्हा नवा आला नाही. केबिनमध्ये साहेबांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुम्हाला आम्ही खेळायला घेतलं होतं की दागिने सांभाळायला?" पहिल्यांदाच ते मला 'तुम्ही' म्हणाले. मी त्यांना सांगितलं, "दोन्हीला. पण एकाचाच कागद दिलात." हे मी खरंच बोलले, याचं आजही मला बरं वाटतं. त्याने काही झालं नाही. तेल गेलं, तूप गेलं, धुपाटणंसुद्धा कंपनीनेच ठेवून घेतलं. संघाचा ट्रॅकसूट परत करावा लागला.

आईला सगळं सांगितलं तेव्हा ती कोलंबी सोलत होती. तिने सोलणं थांबवलं नाही. "बरा केलास," ती म्हणाली. "सवाष्णीचा लेना भुईवर ठेवत नाय." एवढंच. सगळ्या पनवेलमध्ये मी बरोबर वागले असं म्हणणारी ती एकटी, आणि तिचं ऐकून मला आणखीच रडू आलं.

त्यानंतर एक पावसाळा मी बाजारात तिच्या शेजारी बसले. पुढे एका मुलींच्या शाळेत कबड्डी शिकवायला बाई हव्यात असं कळलं. मुख्याध्यापिकांनी माझा अर्ज वाचला, सहा वर्षं कंपनीच्या संघातून, मान डोलावली आणि म्हणाल्या, "मानधनावर. तूर्त तात्पुरतं." तात्पुरतं या शब्दाशी माझी जुनी ओळख. मी हो म्हटलं.

शिकवायला मला आलं. अख्खं आयुष्य बघत बसलेल्या बाईला दुसरं काय येणार? मुली गावागावांतून यायच्या, खाडीकडच्या जास्त. पायात ताकद, डोक्यात घाई. मी त्यांना आधी बघायला शिकवलं. सरावाच्या निम्म्या वेळात मी निम्म्या मुलींना कडेला बसवून विचारायची, सांग आता ती काय करणार. पालकांना वाटायचं बाई काही शिकवतच नाहीत, पोरी बसून असतात. दुसऱ्या वर्षी आम्ही तालुक्यात पहिल्या आलो तेव्हा ते बोलायचे थांबले.

दागिन्यांचा नियम मी पहिल्याच दिवशी केला. कोणत्याही मुलीचा दागिना कोणत्याही मुलीकडे राहणार नाही. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आणला, त्याला कडी आणि कुलूप बसवून घेतलं. कानातली, चेनी, नजरेचे मणी, सगळं त्यात. डबा माझ्या मांडीवर. सामना चालू असताना माझा एक हात कायम झाकणावर असायचा. शाळेत मला पोरी डबेवाल्या बाई म्हणायच्या, मला कळायचं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. जे साहेबांच्याने झालं नाही ते मी करत होते. मी हात मागे नेला नाही.

नव्वदचं दशक संपता संपता कधीतरी आमचा संघ जिल्ह्याला गेला. तीन दिवसांच्या स्पर्धा, मुक्काम तिथल्याच एका शाळेत. बारा मुली नेल्या. त्यांत एक उरणकडच्या मच्छीमाराची मुलगी होती. बुटकी, चपळ, आणि चढाईला गेली की समोरचीच्या डोळ्यांत बघणारी. तिच्यासारखं बघणं मी कोणालाच शिकवलेलं नव्हतं, ते ती घेऊनच आली होती. फक्त तिचा दम जरा कमी होता. निदान मला तसं वाटत होतं.

तिचे कान लहानपणी टोचलेले बुजले होते. त्या दिवाळीत आईने सोनाराकडे नेऊन परत टोचून आणले होते आणि छोट्या सोन्याच्या बाळ्या घातल्या होत्या. स्पर्धेला निघताना तिने विचारलं, "बाई, काढलीच पायजे का? भोक ओला हाय." मी म्हटलं, काढायलाच हवी, पंच काडीसुद्धा ठेवू देत नाहीत. तिने आरशाशिवाय, ओठ दाबून, दोन्ही बाळ्या काढल्या आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. मी डब्यात टाकल्या आणि तीन दिवसांसाठी कुलूप लावलं.

पहिला सामना आम्ही सहज जिंकलो. तिला उतरवायची गरज पडली नाही. दुसऱ्यात बराच वेळ बरोबरी होती आणि मी तिला म्हटलं, "थांब, तुझी वेळ येतेय." वेळ आली नाही, आम्ही त्याआधीच पुढे गेलो. तिसरा, चौथा, तसंच काहीतरी. कधी पुढे होतो म्हणून गरज नव्हती, कधी मागे होतो म्हणून धोका नको. ती माझ्या शेजारी बसायची आणि हळूच सांगायची, "बाई, ती चार नंबरवाली दमली. नुस्ता आव आनतेय." बरोबर असायचं. मी ते ओरडून मैदानातल्या मुलींना सांगायची आणि आम्हाला गुण मिळायचे. खरं सांगू, सहा वर्षं एकटीने बारदानावर बसून मी जे बघितलं ते बघणारं दुसरं कोणी मला पहिल्यांदाच भेटलं होतं. ती शेजारून उठू नये असं मला वाटत होतं. हे मला तेव्हा कळलं नाही, असं म्हणायला आवडेल. थोडंसं कळत होतं.

अंतिम सामना आम्ही जिंकलो. मोठ्या फरकाने. शेवटच्या पाच मिनिटांत कोणालाही उतरवलं असतं तरी चाललं असतं. ट्रॅकसूटची चेन उघडून ती गुडघ्यावर बसली होती. मी डब्यावर हात ठेवून ओरडत होते, पकड, पकड, सोडू नको. शिट्टी झाली, मुली नाचायला लागल्या.

संध्याकाळी मी डबा उघडून एकेकीला तिचं तिचं देत होते. ती सगळ्यांत शेवटी आली. कागदाची पुडी उघडून तिने एक बाळी उजव्या कानाला लावली. जाईना. दुसऱ्या कानाला लावली. मी म्हटलं, थांब, मी बघते. तिच्या कानाची पाळी मी बोटांत धरली. भोक होतं तिथे एक बारीक गुलाबी ठिपका राहिला होता. मी बाळीचं टोक टेकवून जरा दाबलं, तिने डोळे मिटले, रक्ताचा एक थेंब आला. मी हात काढला.

"राहूंद्या, बाई," ती म्हणाली. "आई टोचील परत." मग बाळ्या पुडीत बांधता बांधता, काहीच राग नसल्यासारखं, तिने विचारलं, "उतरवायचीच नव्हती तर कानातला कशाला काढाया लावलात?"

ज्यांची चीड मी इतकी वर्षं पोसली त्या साहेबांचे पाठीमागे गेलेले हात मला आठवले, आणि माझे डब्याच्या झाकणावरचे हात मी बघितले. मी घाईघाईने म्हटलं, "पुढच्या स्पर्धेत तू पहिल्या सातात. पहिली चढाई तुझी. शब्द देते."

तिने माझ्या डोळ्यांत बघितलं, चढाईला गेल्यावर समोरचीच्या बघायची तसंच. मी काय करणार आहे ते तिला दिसत असावं. मी तरी काय सांगू, मलाच माहीत नव्हतं. डबा उघडा होता, मी तो तिच्यापुढे धरला, कारण बाळ्या परत नीट ठेवायला दुसरी जागा नव्हती. तिने पुडी रुमालात बांधली, रुमालाला दोन गाठी मारल्या, आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली.

"माज्याकडंच ठेवते, बाई," ती म्हणाली.